निसर्गात रमणारे सिनेमे आणि आपल्या धंद्याचा व्हिडिओ : पाच सिनेमे, पाच धडे



आजचा पाठ खास त्यांच्यासाठी, जे कृषी पर्यटन, होमस्टे, ट्रेकिंग, मध, कोकम, लाकडी घाण्याचं तेल, घरगुती मसाले असा मातीशी जोडलेला धंदा करतायत किंवा करायच्या तयारीत आहेत. तुमच्या मालाच्या किंवा जागेच्या व्हिडिओत हिरवळ असतेच. धुकं, धबधबा, ड्रोन शॉट, मागे बासरी. आणि तरीही काहींच्या बाबतीत असं होतं, की व्ह्यूज भरपूर आणि बुकिंग शून्य. किंवा त्याहून वाईट म्हणजे बुकिंग भरपूर आणि पाहुणे नाराज.

शहर सोडून निसर्गात जाणाऱ्या माणसांवर जगभर सिनेमे निघाले आहेत. त्यातले पाच आज घेऊ. त्यांची परीक्षणं करायची नाहीत, त्यातून आपल्या कामाचं काय मिळतं ते बघायचं. सुरुवातीलाच एक वाक्य वहीत लिहून ठेवा : व्हिडिओ ही चाळणी आहे. योग्य कस्टमर आत यावा आणि चुकीचा बाहेरच राहावा, हे दोन्ही काम त्याने केलं पाहिजे. संपूर्ण पाठ या एका वाक्यावर उभा आहे.

धडा १ : आधी खोल्या मोजा, मग व्ह्यूज (सिनेमा : द बीच, २०००)

डॅनी बॉइलचा सिनेमा, लिओनार्डो डिकॅप्रिओ हिरो. कोणालाच माहीत नसलेल्या एका बेटावर काही तरुण आपलं वेगळं जग वसवतात आणि ती जागा बाहेरच्यांपासून लपवून ठेवतात, अशी गोष्ट. शूटिंग थायलंडच्या माया बे या किनाऱ्यावर झालं. पडद्यावर किनारा आणखी सुंदर दिसावा म्हणून तिथे नारळाची झाडं लावली, वाळूत फेरफार केले, त्यावरून कोर्टात केसही झाली.

खरी गोष्ट सिनेमानंतर सुरू होते. लपवलेल्या किनाऱ्याचा सिनेमा जगाने पाहिला आणि जग तिथे पोहोचलं. त्या छोट्याशा खाडीत गर्दी वाढत वाढत दिवसाला पाच हजार माणसांच्या घरात गेली. बोटींच्या नांगरांनी आणि माणसांच्या वर्दळीने प्रवाळाची वाट लागली. शेवटी जून २०१८ मध्ये सरकारने किनारा बंद केला, तो जानेवारी २०२२ मध्ये उघडला. आता बोटी थेट खाडीत येत नाहीत, बेटाच्या मागच्या बाजूला थांबतात आणि माणसं ठरावीक संख्येनेच सोडतात. बंदच्या काळात तिथे शार्क परत दिसू लागले होते.

आता हे आपल्या पातळीवर आणू. समजा, तुमच्याकडे ४ खोल्या आहेत, १२ माणसांची सोय. फक्त शनिवारची रात्र धरली तर महिन्यात ४ × १२ = ४८ पाहुणे. तुमची रील १ लाख लोकांनी पाहिली आणि हजारातल्या एकानेच फोन केला, तरी १०० फोन. प्रत्येक फोनमागे ४ जणांचं कुटुंब, म्हणजे ४०० माणसं. जागा ४८. उरलेल्या साडेतीनशे लोकांना 'नाही' म्हणायला तुमच्याकडे माणूस आहे का? की तुम्ही अंगणात गाद्या टाकून पन्नास जण घेणार? तसं केलंत की टॉयलेट तुंबतं, विहिरीचं पाणी खाली जातं, भाकऱ्या थापणारी माउली थकते आणि सोमवारी गूगलवर एक स्टार पडतो.

आणि गंमत बघा. सोमवार ते शुक्रवार त्याच खोल्या रिकाम्या असतात. म्हणजे तुम्हाला आणखी व्ह्यूज नकोत, आठवड्याच्या मधल्या दिवसांचा कस्टमर हवा आहे : निवृत्त जोडपी, घरून काम करणारे, पक्षी बघणारे, शांतपणे लिहायला बसणारे. त्यांच्यासाठी वेगळा व्हिडिओ करा. त्यात पोहण्याचा तलाव नको. खिडकीजवळचं टेबल, सकाळचा चहा आणि पक्ष्यांचा आवाज दाखवा.

करायचं काय :
- व्हिडिओत स्पष्ट बोला : "आमच्याकडे चारच खोल्या आहेत, एका वेळी बाराच पाहुणे घेतो." याने धंदा कमी होत नाही, किंमत वाढते.
- देवराई, गावाचा पाण्याचा झरा, काजव्यांची झाडं यांचं नेमकं लोकेशन टाकू नका. 'आमच्या पाहुण्यांना आम्ही स्वतः घेऊन जातो' एवढं पुरे.
- काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे पावसाच्या तोंडावर, टॉर्च आणि गाडीचे दिवे बंद ठेवण्याचा नियम व्हिडिओतच सांगा.

आपल्याकडे कास पठारावरही फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग आणि रोजच्या पर्यटकसंख्येवर मर्यादा आणावी लागली. एका पठाराला जे करावं लागलं ते आपल्या दीड एकराला आधीच केलेलं बरं.

धडा २ : वाट दाखवा, नुसतं स्वप्न दाखवू नका (सिनेमा : इन्टू द वाइल्ड, २००७)

ख्रिस मॅकँडलेस या अमेरिकन तरुणाची ही खरी गोष्ट. आधी जॉन क्राकाउअर यांचं पुस्तक आलं, मग शॉन पेनने सिनेमा केला. पोरगा घरदार, पैसा सगळं सोडून एप्रिल १९९२ मध्ये अलास्काच्या रानात गेला आणि एका जुन्या, सोडून दिलेल्या बसमध्ये राहिला. जुलैत परत निघाला तेव्हा टेक्लानिका नदी फुगलेली होती. तो मागे फिरला आणि ऑगस्टमध्ये त्या बसमध्येच गेला.

यातला एक तपशील धंदेवाल्याने नीट वाचावा. त्या जागेपासून मैलभराच्याही आत नदी ओलांडायला हाताने ओढायचा पाळणा होता. त्याच्याकडे नीट नकाशा नव्हता, म्हणून त्याला ते कळलंच नाही. सोय होती, माहिती नव्हती.

पुढे सिनेमा बघून लोक ती बस शोधत जाऊ लागले. कित्येकांची सुटका करावी लागली, दोन स्त्रिया नदीत वाहून गेल्या. अखेर जून २०२० मध्ये हेलिकॉप्टरने ती बसच तिथून उचलली.

तुमचा पाहुणा अलास्काला चाललेला नाही. पण पुण्याहून शुक्रवारी संध्याकाळी निघून, घाट उतरून, रात्री दहा वाजता तुमच्या फाट्यावर आलेला माणूस, मागे झोपलेली दोन पोरं, मोबाइलला रेंज नाही आणि समोर फरशी पुलावरून पाणी, त्याच्यासाठी तो अलास्काच आहे. त्याची सुट्टी तिथेच बिघडते. कधी कधी जीवावरही बेततं.

म्हणून प्रत्येक कृषी पर्यटन केंद्राचा पहिला व्हिडिओ कुठला? माझं उत्तर ठाम आहे : 'आमच्याकडे कसं यायचं?' एक मिनिट पुरे. त्यात हे दाखवा :
- महामार्गावरचं वळण, तिथली खूण (टपरी, कमान, मंदिर). दिवसा आणि रात्री, दोन्ही.
- शेवटचा पेट्रोल पंप, शेवटचं एटीएम, रेंज कुठे जाते ती जागा.
- मॅप चुकीच्या रस्त्याला नेत असेल तर तो फाटा दाखवून "इकडे वळू नका".
- शेवटचा कच्चा रस्ता आणि त्यावर कुठली गाडी चालते. लहान गाडीचं पोट घासत असेल तर तसं सांगा.
- पावसाळ्यात पाणी चढणारा पूल, आणि तो बंद असेल तर फोन कुणाला करायचा.
- जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती मिनिटांवर.

शूट करताना ड्रायव्हरने फोनला हात लावायचा नाही, शेजारी बसलेल्याने शूट करायचं. बुकिंग पक्कं झालं की हा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवा आणि सोबत लिहा : "रेंज असतानाच डाउनलोड करून ठेवा."

धडा ३ : काम दाखवा, आणि आवाज बंद करून तपासा (सिनेमा : हनीलँड, २०१९)

पाचातला एकच बघायला वेळ असेल तर हा बघा. उत्तर मॅसिडोनियाची डॉक्युमेंटरी. रस्ता नाही, वीज नाही अशा जवळजवळ ओसाड गावात हातिद्झे नावाची बाई आजारी आईसोबत राहते. कपारीतल्या, भिंतीतल्या पोळ्यांमधला मध काढते आणि राजधानी स्कोपियेच्या बाजारात विकते. तिचा एक नियम आहे : अर्धा मध आपला, अर्धा माश्यांचा. मग शेजारी एक मोठं कुटुंब येऊन राहतं. तेही मधाच्या धंद्यात उतरतात. व्यापारी जास्त मालासाठी मागे लागतो आणि शेजारी अर्ध्याचा नियम मोडतो. उपाशी माश्या हातिद्झेच्या पोळ्यांवर तुटून पडतात. एकाच्या हावेचं नुकसान दुसऱ्याला.

धंद्याचा धडा उघड आहे, पुन्हा सांगत बसत नाही. आपल्याला बघायचंय तंत्र.

एक, वेळ. हा सिनेमा तीन वर्षं शूट झाला. ४०० तासांहून जास्त फुटेज, त्यातून सुमारे दीड तासाचा सिनेमा. आपण काय करतो? पाच मिनिटं शूट करतो आणि पाचही मिनिटं टाकतो. एका मिनिटाच्या रीलसाठी निदान वीस मिनिटं शूट करा, चार वेगवेगळ्या दिवशी.

दोन, प्रकाश. गावात वीज नाही, म्हणून घरातले प्रसंग खिडकीतल्या उजेडात आणि दिव्यांच्या प्रकाशात शूट झाले. आपल्याकडे ट्यूबलाइट लावून स्वयंपाकघर शूट करतात आणि पिठलं हिरवं दिसतं! ट्यूब बंद करा. खिडकी बाजूला ठेवा, माणसाच्या पाठीमागे नको. चुलीच्या जाळाचा शॉट संध्याकाळी घ्या. उन्हात शूट करायचं तर सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. फोनच्या स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, म्हणजे ढग आला तरी चित्र मधेच काळं-पांढरं होत नाही.

तीन, मूक परीक्षा. दिग्दर्शकांना हातिद्झेची तुर्की बोली समजत नव्हती. त्यामुळे सुरुवातीचं एडिटिंग संवाद न कळता, नुसत्या चित्रांवर झालं. गोष्ट चित्रातूनच कळली पाहिजे, हा नियम परिस्थितीनेच घालून दिला. तुम्हीही तेच करा. व्हिडिओ तयार झाला की आवाज बंद करून शेजाऱ्याला दाखवा आणि विचारा, "काय कळलं?" तो म्हणाला, "कुणीतरी काहीतरी बोलतंय," तर व्हिडिओ नापास. तो म्हणाला, "मध काढतात, गाळतात, बाटलीत भरतात," तर पास. एसटीत, ऑफिसात, झोपलेल्या बाळाशेजारी लोक आवाज बंद ठेवूनच रील बघतात, हे विसरू नका. महत्त्वाचं वाक्य स्क्रीनवर मराठीत मोठ्या अक्षरात हवंच.

मधाचा धंदा करणाऱ्यांनी महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाकडेही बघावं. २०२२ मध्ये ते 'मधाचं गाव' म्हणून पुढे आलं. मधाची नुसती बाटली कुणीही दाखवतं. पेटी उघडणारे हात, फ्रेमवरच्या माश्या, माश्यांसाठी शिल्लक ठेवलेला मध हे दाखवलंत की भावात घासाघीस आपोआप कमी होते.

धडा ४ : वर्षभराचा व्हिडिओ वर्षभर शूट करा (सिनेमा : लिटल फॉरेस्ट)

दाइसुके इगाराशी यांच्या जपानी कॉमिकवर आधी जपानमध्ये दोन भागांत (२०१४ आणि २०१५) आणि मग कोरियात (२०१८) हा सिनेमा झाला. शहरातून गावी परतलेली मुलगी, तिचं शेत आणि तिचा स्वयंपाक. चार ऋतू, आणि प्रत्येक ऋतूचं ताट वेगळं. मारामारी नाही, व्हिलन नाही, तरी माणूस बघत राहतो, कारण पुढे काय पिकणार आणि काय शिजणार याची उत्सुकता असते.

आपल्याकडे बहुतेकांचा व्हिडिओ फक्त जुलै-ऑगस्टचा असतो. सगळं हिरवंगार. ते बघून माणूस एप्रिलमध्ये येतो आणि पिवळं गवत बघून म्हणतो, "फसवलं." यावर उपाय म्हणजे एक साधी वही. महिन्यातून एक दिवस, त्याच जागी उभं राहून, तीच फ्रेम :
- जून-जुलै : लावणी, रानभाज्या, पागोळ्या
- सप्टेंबर-ऑक्टोबर : रानफुलं, भात पिवळा पडताना, गणपती-नवरात्राची गडबड
- डिसेंबर-जानेवारी : हुरडा, शेकोटी, सकाळचं दव
- एप्रिल-मे : आंबे, करवंदं, कोकम फोडणं, आमसुलं वाळवणं, उन्हात वाळणारे पापड

वर्षाअखेरीला तुमच्याकडे बारा शॉट्स होतात. ते जोडले की असा व्हिडिओ होतो जो पाहुणा म्हणून आलेल्या कुठल्याही इन्फ्लुएन्सरला करता येणार नाही. त्याच्याकडे भारीचा कॅमेरा असेल, तुमच्याकडे बारा महिने आहेत.

धडा ५ : घरातल्या न बोलणाऱ्याचा प्रश्न (सिनेमा : लीव्ह नो ट्रेस, २०१८)

बाप आणि लेक अमेरिकेत जंगलात लपून राहतात. बापाला माणसांत राहणं सोसत नाही. लेकीला मात्र हळूहळू माणसांची ओढ लागते. जंगल तेच, गरज दोघांची वेगळी.

तुमच्याकडे बुकिंगसाठी फोन करणारा बहुतेक वेळा त्या बापासारखा, निसर्गवेडा. पण गाडीत त्याच्यासोबत गुडघे दुखणारी आई असते, स्वच्छ बाथरूम विचारणारी बायको असते आणि वायफाय शोधणारा मुलगा. ही मंडळी फोनवर बोलत नाहीत, परत गेल्यावर बोलतात. म्हणून व्हिडिओतले वीस सेकंद त्यांच्यासाठी राखा : कमोड आहे की भारतीय पद्धतीचा संडास, गरम पाण्याची वेळ, पायऱ्या किती, लाइट गेली तर काय सोय, वायफाय आहे की नाही. नसेल तर हसत सांगा, "वायफाय नाही, पत्ते आणि कॅरम आहे." ज्याला चालत नाही तो येणार नाही. चाळणीचं काम झालं.

थोडं तंत्र, मोजकं

*आवाज :* निसर्गात सगळ्यात मोठा शत्रू वारा. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक हजार रुपयांच्या आसपास मिळतो, त्यावर फोमची किंवा केसाळ टोपी हवी. माइक नसेल तर दुसरा फोन खिशात ठेवून त्यावर रेकॉर्डिंग करा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे एडिटिंगला आवाज आणि चित्र जुळवता येतं. प्रत्येक जागी एक मिनिट कुणीही न बोलता नुसता तिथला आवाज घ्या : पाऊस, रातकिडे, रहाट. बासरीची गरज उरत नाही.

*सेटिंग :* १०८० रिझोल्युशन पुरेसं आहे. फोनप्रमाणे त्याला मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी लागतात, तेच फोर-केला त्याच्या अडीच-तीनपट. रात्री एलईडीखाली पट्ट्या पळताना दिसल्या तर २५ फ्रेमचा पर्याय घ्या आणि प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. शूटआधी लेन्स सुती कापडाने पुसा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका.

*कुठे काय :* रीलसाठी उभा, यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओसाठी आडवा. गूगलवरच्या तुमच्या बिझनेस प्रोफाइलला ३० सेकंदांपर्यंत आणि ७५ एमबीच्या आतला व्हिडिओ चालतो. तिथे खोली, बाथरूम, जेवण एवढंच टाका. एडिटरला क्लिप पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी मरते.

*परवानगी :* सिनेमाची गाणी उचलू नका, यूट्यूबची मोफत ऑडिओ लायब्ररी वापरा. पाहुण्यांचे, विशेषतः लहान मुलांचे चेहरे विचारल्याशिवाय टाकू नका. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर त्याची नोंदणी आणि रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. आपली जागा कुठल्या झोनमध्ये येते ते सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आधी बघा. राखीव जंगलात शूट करायचं तर वन खात्याला विचारूनच.

९० सेकंदांचा आराखडा

- ० ते ५ : काम करणारे हात. भाकरी, मध किंवा लावणी. नाव नंतर.
- ५ ते २० : तुम्ही स्वतः, दोन वाक्यं : कोण, कुठे, किती खोल्या.
- २० ते ४५ : या महिन्यात इथे काय दिसतं, काय खायला मिळतं.
- ४५ ते ६५ : न बोलणाऱ्यांचे प्रश्न : बाथरूम, पायऱ्या, वीज, रेंज.
- ६५ ते ८० : "आमच्याकडे हे नाही" : डीजे नाही, दारू नाही, जे नसेल ते.
- ८० ते ९० : कुणासाठी आहे आणि फोन कधी करायचा.

'आमच्याकडे हे नाही' या पंधरा सेकंदांना हात लावताना सगळे बिचकतात. तेच सेकंद तुमचा सोमवारचा मनस्ताप वाचवतात.

गृहपाठ

१. तुमची महिन्याची खरी क्षमता काढा : खोल्या, माणसं, पाणी, मनुष्यबळ. माल विकत असाल तर महिन्याच्या बाटल्या किंवा किलो.
२. या रविवारी 'कसं यायचं' व्हिडिओ शूट करा. माल विकणाऱ्यांनी 'कसा बनतो' व्हिडिओ करावा.
३. आवाज बंद करून तीन जणांना दाखवा. त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा.
४. एक जागा निवडा, फ्रेम ठरवा, जमिनीत खुंटी ठोका. पुढचे बारा महिने तिथूनच शॉट.

खुंटी आजच ठोका, कारण गेलेला महिना परत शूट करता येत नाही. पुढच्या पाठात आपण याच व्हिडिओवरून आलेला फोन कसा घ्यायचा आणि ॲडव्हान्स कसा मागायचा ते बघू. तोपर्यंत शूट करत राहा, धंदा वाढवत राहा.